न्यूरेंबर्गची नगरकुलीन घराणी आणि त्यांचा वारसा

न्यूरेंबर्ग येथील संत लोरेन्ट्सच्या चर्चमध्ये पाऊल टाकताच पाहणाऱ्याचे लक्ष ज्या वस्तूंकडे वेधले जाते, त्यांपैकी बहुतेकांचा संबंध कोणत्या ना कोणत्या घराण्याशी येतो. रंगीत काचांच्या उंच खिडक्यांत संतांच्या पायाशी गुडघे टेकून बसलेले दाते आणि त्यांच्या ढाली दिसतात. प्रभुभोजनाची पवित्र भाकर ठेवण्यासाठी उभारलेला सुमारे वीस मीटर उंचीचा पाषाणी मनोरा इमहोफ घराण्याने दिलेला आहे, तर वेदीसमोर छताखाली अधांतरी टांगलेली देवदूताच्या शुभसंदेशाची भव्य काष्ठमूर्ती टूखर घराण्याची देणगी आहे. नगराच्या दुसऱ्या मोठ्या चर्चमध्ये, संत झेबाल्डच्या वास्तूतही, हाच प्रकार दृष्टीस पडतो. न्यूरेंबर्गचा मध्ययुगीन वारसा म्हणून जे दाखविले जाते, त्याचा फार मोठा भाग जेमतेम तीस-चाळीस घराण्यांच्या पैशातून उभा राहिला आणि त्यांनी त्यावर आपली नाममुद्रा उमटवून ठेवली.

या घराण्यांचा उल्लेख 'सरदार घराणी' किंवा 'उमराव घराणी' असा करण्याचा प्रघात पडला आहे. त्यांचे वंशज आपल्या नावामागे कुलीनत्वदर्शक 'फॉन' लावतात, यामुळे तो प्रघात अधिकच रूढ झाला. परंतु ज्या काळात हे मनोरे, मूर्ती आणि खिडक्या घडविल्या गेल्या, त्या काळी ही घराणी कुलीन आहेत की नाहीत हा वादाचा विषय होता. आसपासच्या फ्रांकोनिया प्रांतातील गढीवाले उमराव त्यांना व्यापारी समजत, नगरातील कारागीर त्यांना धनी समजत, आणि ती स्वतःला 'घराणी' एवढेच म्हणवीत. हा वाद कागदोपत्री मिटावयास सतरावे शतक संपावे लागले. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या वारशाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तो सिद्ध झालेल्या कुलीनत्वाचा आविष्कार नव्हे. तो एका प्रलंबित दाव्यात वादीने दाखल केलेला पुरावा होय. वादीने दिलेला पुरावा खोटाच असतो असे नाही, पण तो दुसऱ्या कागदाशी पडताळल्यावाचून स्वीकारता येत नाही.

न्यूरेंबर्गचा पहिला लेखी उल्लेख १०५० सालचा आहे. सम्राटाच्या वाळुकाश्माच्या टेकडीवरील किल्ल्याखाली ही वसाहत वाढली. तिला सुपीक जमीन नव्हती, नौकावहनास योग्य नदीही नव्हती, आणि दुसऱ्या फ्रेडरिकने १२१९ साली दिलेल्या सनदेत त्या उणिवांचा विचार करूनच व्यापारी सवलती दिलेल्या आहेत. अशा स्थळी जी घराणी वर आली त्यांचे मूळ काय, याविषयी विद्वानांत दीर्घकाल मतभेद राहिला. काहींच्या मते ही सम्राटाच्या सेवेतील लष्करी व कारभारी सेवकांची संतती होय. दुसऱ्या मताने ती प्रारंभापासून व्यापारी होत. 'नोबिलेस नोरिंबेर्गेन्सेस' या नावाचा हान्स हुबर्ट होफमान यांचा प्रबंध पहिल्या पक्षाकडे झुकतो. प्फिंत्सिंग, मफ्फेल यांसारख्या घराण्यांपुरते त्यात तथ्य असावे. पण सर्वांना एकच मूळ लावण्याचा हट्ट धरला की पुरावा आड येतो, आणि तो पुरावा म्हणजे होल्झशूअर घराण्याची खातेवही.

१३०४ ते १३०७ या चार वर्षांची ही लॅटिन वही जर्मन प्रदेशातील व्यापाऱ्यांच्या उपलब्ध वह्यांपैकी सर्वांत जुन्यांत मोडते. तिच्यात कापडाची उधार विक्री नोंदली आहे, आणि ऋणकोंच्या यादीत आसपासचे उमराव व धर्मगुरूही आहेत. घराण्याच्या नावाचा अर्थच लाकडी जोडे करणारा असा होतो, आणि त्यांच्या ढालीवर लाकडी जोडाच चितारलेला आहे. हे चिन्ह त्यांनी पुढे ऐश्वर्याच्या काळातही टाकले नाही, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. ज्या उमरावांचे वंशज पुढे या घराण्याला आपल्या पंक्तीस बसू देईनात, त्या वर्गाचे लोक चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या दुकानातून उधारीवर कापड नेत होते, एवढे या वहीवरून निश्चित होते.

श्ट्रोमर घराण्यातील उलमान श्ट्रोमर (१३२९–१४०७) याने आपल्या घराण्याविषयी व आपल्या काळातील घडामोडींविषयी एक छोटेखानी पुस्तक लिहून ठेवले. जर्मन भाषेतील कौटुंबिक व नागरी इतिहासलेखनाचा तो एक आद्य नमुना समजला जातो. तत्त्वज्ञ हेगेलचा पुत्र कार्ल हेगेल याने जर्मन नगरांच्या बखरींची जी मोठी माला संपादित केली, तिच्या १८६२ सालच्या पहिल्याच खंडात त्याला स्थान मिळाले. उलमानने १३९० साली पेग्नित्स नदीकाठी कागदाची गिरणी सुरू केली. आल्प्सच्या उत्तरेस जर्मन प्रदेशात ती पहिली. त्याच्या पुस्तकात घराण्यांची सोयरीक, सन्मान्य नागरिकांची नावे, गिरणीतील कामगारांनी घेतलेल्या शपथा आणि परदेशांतील मालाचे वजन-माप या सर्व गोष्टी एकाच हाताने, एकाच स्वरात लिहिल्या आहेत. कुल आणि व्यापार यांत त्याला विसंगती वाटत नव्हती. ती त्याच्या पणतवंडांच्या पिढीस वाटू लागली.

याच पुस्तकात एका वाक्यात उरकलेली एक नोंद आहे. पूर्वी ज्यू लोक नगराच्या मध्यभागी राहत असत, आणि १३४९ साली संत निकोलसच्या सणाच्या पूर्वसंध्येला त्यांना जाळण्यात आले, एवढाच तिचा आशय. ती वेगळ्या कागदांशी ताडून पाहिली असता घराण्यांच्या सत्तेचा पाया कोठे घातला गेला ते दिसून येते.

१३४८ च्या उन्हाळ्यात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी उठाव करून जुन्या नगरसभेस हुसकावले व नवी सभा बसविली. राजा चौथा कार्ल याने पुढच्या वर्षी जुन्या घराण्यांस पुनः अधिकारावर आणले. युरोपात महामारीची लाट पसरत होती आणि ठिकठिकाणी ज्यूंवर हल्ले होत होते. ज्यू हे कायद्याने राजाच्या संरक्षणाखाली होते. पण कार्लने त्यांच्या मृत्यूचा हिशेब आधीच मांडला. १३४९ च्या उन्हाळ्यात त्याने ब्रांडेनबर्गच्या लुडविगला, ज्यूंची हत्या होईल तेव्हा त्यांच्या घरांपैकी उत्तम तीन घरे देण्याचे वचन दिले. १६ नोव्हेंबर १३४९ रोजी त्याने आणखी एक सनद दिली. ज्यूंची घरे व त्यांचे प्रार्थनामंदिर पाडून तेथे दोन चौक करावेत आणि मंदिराच्या जागी कुमारी मेरीचे चर्च उभारावे, अशी परवानगी तीत होती. नगराच्या बाजूने ही सनद मिळविणारा वकील उलरिख श्ट्रोमर हा होता, आणि ज्यूंच्या घरांच्या वाटणीत त्याचाही भाग होता. ५ डिसेंबर रोजी हत्याकांड झाले. मृतांची संख्या ५६२ सांगितली जाते.

सनद आधी आणि हत्या नंतर, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे. जमावाच्या क्षोभाने घडलेली दुर्घटना म्हणून या घटनेची बोळवण करणे या एका तारखेमुळे अशक्य होते. जो मुख्य चौक आज न्यूरेंबर्गचे हृदय समजला जातो, जेथे नाताळची प्रसिद्ध बाजारपेठ भरते, तो या सनदेतून निर्माण झाला. १३५२ ते १३५८ या काळात बांधलेले फ्राउएनकिर्ख प्रार्थनामंदिराच्या जागी उभे आहे. त्याच्या दर्शनी भागावर, १३५६ च्या सुवर्णसनदेच्या स्मरणार्थ बसविलेल्या घड्याळात, सात निर्वाचक रोज दुपारी बारा वाजता त्याच चौथ्या कार्लसमोरून फेरी घालतात. पूर्वी हा भाग पेग्नित्सकाठच्या दलदलीचा म्हणून ज्यूंच्या वाट्यास आला होता. नगराच्या दोन्ही अर्धांना जोडणारी मोक्याची जागा म्हणून तो नंतर घराण्यांस हवासा झाला.

या दोन वर्षांनंतर जी राज्यव्यवस्था स्थिर झाली ती थोड्याफार फरकाने साडेचार शतके टिकली. न्यूरेंबर्गात कारागिरांच्या स्वायत्त श्रेणी असू दिल्या गेल्या नाहीत. प्रत्येक धंद्याचे नियम नगरसभा स्वतः करी. लहान सभेत ४२ जण बसत. त्यांपैकी ३४ घराण्यांतील व ८ कारागिरांचे प्रतिनिधी असत, आणि त्या आठांची उपस्थिती बहुतांशी शोभेची होती. खरी सत्ता सात ज्येष्ठांकडे व त्यांतही दोन खजिनदारांकडे असे. क्रिस्तोफ शॉयर्ल या कायदेपंडिताने १५१६ साली धर्मगुरू श्टाउपित्स यास लिहिलेल्या पत्रात ही सर्व रचना वर्णिली आहे. ज्यांचे बाप व आजे सभेत बसले त्यांनीच सभेत बसावे, या नियमाचे तो समर्थन करतो. विद्यापीठाची डॉक्टर पदवी घेतलेल्यास मात्र सभेत प्रवेश नव्हता. शॉयर्ल स्वतः डॉक्टर होता आणि त्याची आई टूखर घराण्यातील होती. तेव्हा या पत्रातील आदर कोठून बोलतो व त्याखालची सल कोठे आहे, हे वाचकाने ओळखावे.

ही राजवट आपल्या माणसांवरही हात चालविण्यास कचरत नसे. निकलास मफ्फेल हा पहिला खजिनदार, म्हणजे नगरातील सर्वश्रेष्ठ अधिकारी. १४५२ साली रोममधील राज्याभिषेकासाठी सम्राटाची राजचिन्हे घेऊन जाण्याचा मान त्याला मिळाला होता. पवित्र अवशेषांचा संग्रह करण्याचे त्याला वेड होते. नगराच्या तिजोरीतून पैसे घेतल्याच्या आरोपावरून १४६९ साली त्याला फाशी देण्यात आली. त्याचे घराणे मात्र कुलीनांच्या यादीतून गळले नाही. व्यक्ती लटकली तरी कुल अबाधित, असा हा हिशेब होता.

या घराण्यांचे धन दूरच्या व्यापारातून आले. व्हेनिसचे जर्मन व्यापारगृह, ल्योन, अँटवर्प, लिस्बन येथे त्यांचे गुमास्ते असत. मार्टिन बेहाईम या पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या कुलपुत्राने १४९०च्या सुमारास वारसाहक्काच्या कामासाठी घरी आल्यावर नगराच्या सांगण्यावरून पृथ्वीचा जो गोल तयार करविला, तो आज उपलब्ध असलेल्या पृथ्वीगोलांत सर्वांत जुना होय. मसाल्याचे पदार्थ पूर्वेकडून जर्मनीत येईपर्यंत किती हातांतून जातात व प्रत्येक हात किती नफा खातो, याचे टिपण त्यावर लिहिलेले आहे. भूगोलाच्या साधनावर व्यापाऱ्याचे गणित असे सहज येऊन बसले. तेरा वर्षांनी ते गणित प्रत्यक्षात उतरले. १५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेइदा याच्याबरोबर भारताकडे निघालेल्या आरमारात जर्मन व्यापाऱ्यांनी ३६,००० क्रुझादो गुंतविले. त्यांत आउग्सबर्गच्या वेल्झर पेढीचे २०,००० होते, तर न्यूरेंबर्गपैकी इमहोफ यांचे ३,००० व हिर्शफोगेल यांचे २,००० होते. याच मोहिमेत आल्मेइदाने गोव्याच्या दक्षिणेस अंजदीव बेटावर किल्ला बांधला व तो पुढे कन्नूर आणि कोचीकडे गेला. १५२२ साली हिर्शफोगेल पेढीचा गुमास्ता गेओर्ग पोक हा कोचीहून न्यूरेंबर्गच्या मिखाएल बेहाईमशी पत्रव्यवहार करीत होता. लोरेन्ट्सच्या मनोऱ्यामागे उभ्या असलेल्या पेढीचा हात मलबारच्या मिरीपर्यंत असा पोहोचला होता, आणि व्यापाराचा हाच पसारा उमरावांच्या दृष्टीने या घराण्यांचा दोष ठरत होता.

पंधराव्या शतकात फ्रांकोनियातील उमरावांनी आपली दारे बंद करण्यास प्रारंभ केला. घोड्यावरून भाल्याने लढण्याच्या द्वंद्वस्पर्धांत ज्याला प्रवेश तोच कुलीन, अशी व्याख्या रूढ झाली. नगरात राहून व्यापार करणाऱ्यास तो प्रवेश नाकारण्यात आला. याला नगरकुलीनांनी दोन प्रकारे उत्तर दिले. एक तर त्यांनी आपल्याच चौकात आपल्यापुरत्या स्पर्धा भरविल्या. १४४६ च्या अशा एका विवाहप्रसंगीच्या स्पर्धेचे स्मरण पुढे पावणेदोन शतकांनी नगरभवनाच्या छतावर चुन्याच्या उठावचित्रांत कोरून घेण्यात आले. दुसरे उत्तर अधिक कागदी होते. गेओर्ग रुक्सनर नावाच्या भाटाने १५३० साली झिम्मर्न येथे द्वंद्वस्पर्धांचा एक भव्य इतिहास छापून प्रसिद्ध केला. बाराव्या शतकाच्या अगदी अखेरीस सम्राट सहावा हेन्री याने न्यूरेंबर्ग येथे मोठी स्पर्धा भरविली आणि आपल्या प्रवासात साथ देणाऱ्या तेथील नागरिकांस कुलीनत्व बहाल केले, अशी कथा त्यात आहे. ज्या काळात ही स्पर्धा झाल्याचे सांगितले जाते त्या काळात, म्हणजे ११९७ साली, हेन्री सिसिलीत होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मेसिना येथे तो मरण पावला. कथा सर्वस्वी रचलेली आहे. तरीही अनेक घराण्यांच्या पुढील कुलवृत्तान्तांत ती शिरली आणि दीर्घकाल तेथे सुखाने नांदली. बनावट कागदाला गिऱ्हाईक मिळते तेथे त्या कागदाची गरज खरी असते, एवढा बोध संशोधकास त्यापासून घेता येतो.

नगराच्या आत प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. नगरभवनातील नृत्यसमारंभास कोणास बोलवावे, याचा नियम १५२१ साली करण्यात आला. त्या यादीत ४२ घराणी आहेत: जुनी २०, त्यानंतरची ७ आणि अलीकडे स्वीकारलेली १५. १५३६ साली श्ल्युसेलफेल्डर घराण्याची भर पडली आणि मग दार जवळजवळ दोन शतके बंद राहिले. नृत्याच्या निमंत्रणाची यादी हाच एका गणराज्याचा खरा सत्तालेख ठरावा, याचे हसू येईल. परंतु त्या नियमाइतका नेमका दस्तऐवज या वर्गाविषयी दुसरा नाही. नगरातील सर्वांत देखण्या प्रबोधनकालीन वाड्याचा धनी मार्टिन पेलर याचे घराणे या यादीत नव्हते. तो बाहेरून आलेला व्यापारी, आणि त्याचा सासरा बार्थोलोमेउस व्हियाटिस हा त्या काळचा न्यूरेंबर्गमधील अत्यंत धनाढ्य पुरुष. १६०२ ते १६०५ या काळात त्याने बांधलेला वाडा पाहून आजचा प्रवासी तो 'उमरावाचा' समजतो.

या पार्श्वभूमीवर देणग्यांचा विचार केला पाहिजे. परलोकाची चिंता खरी होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. सावकारी व व्यापार यांनी मिळविलेले धन आत्म्यास जड होते, असा त्या काळचा विश्वास होता. राजांना कर्ज देणारा कोनराड ग्रोस याने १३३९ साली पेग्नित्सकाठी पवित्र आत्म्याचे रुग्णालय स्थापन केले. १४२४ पासून १७९६ पर्यंत साम्राज्याची राजचिन्हे त्याच्याच चर्चमध्ये होती. कोनराड मेंडेल याने १३८८ साली बारा वृद्ध, गरीब कारागिरांसाठी आश्रम काढला. एक वारला की दुसरा घ्यावयाचा व सर्वांनी दात्यासाठी प्रार्थना करावयाची, असा नियम होता. १४२५ च्या सुमारापासून या आश्रमात प्रत्येक रहिवाशाचे चित्र काढून ठेवण्यास प्रारंभ झाला. चित्रात तो आपल्या धंद्याच्या अवजारांसह काम करताना दाखविलेला आहे: पिंपे करणारा, तार ओढणारा, सुया करणारा, चांभार, लोहार, गवंडी. ही परंपरा अनेक पिढ्या चालली. मध्ययुगीन अवजारांचा व कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणारा कोणीही या चित्रांवाचून पुढे जाऊ शकत नाही. ज्या राजवटीने कारागिरांस श्रेणी स्थापू दिल्या नाहीत, तिच्याच एका घराण्याच्या धर्मादायामुळे कारागिरांचा असा चित्रसंग्रह शिल्लक राहिला. आणि तोही त्यांनी दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली म्हणून.

हान्स इमहोफ याने १४९३ साली आदाम क्राफ्ट या शिल्पकाराशी लोरेन्ट्सच्या मनोऱ्याचा करार केला. किंमत ७०० गुल्डेन ठरली. संपूर्ण मनोऱ्याचा भार तळाशी गुडघे टेकलेल्या माणसांवर तोललेला दाखविला आहे, आणि हातात अवजार घेतलेला त्यांतील एक क्राफ्ट स्वतः होय असे मानले जाते. १५१७ साली त्या वेळचा पहिला खजिनदार आंटोन टूखर याने फाइट श्टोस याच्याकडून शुभसंदेशाची मूर्ती करवून घेतली. हाच श्टोस १५०३ साली ऋणपत्राची बनावट केल्याबद्दल नगरसभेच्या हुकमाने दोन्ही गालांवर डागला गेला होता. शिक्षा देणारे आणि काम देणारे एकाच वर्तुळातील होते.

१५२५ च्या मार्चमध्ये नगराने ल्यूथरचा पंथ स्वीकारला. अन्य अनेक नगरांत या वेळी मूर्ती फोडल्या गेल्या, वेद्या जाळल्या गेल्या. न्यूरेंबर्गात तसे घडले नाही. नव्या उपदेशाप्रमाणे पवित्र भाकरीच्या मनोऱ्यास काही प्रयोजन उरले नव्हते, संतांच्या अवशेषांस उरले नव्हते, मेरीच्या मूर्तीस तर नव्हतेच. तरी मनोरा जागीच राहिला, मूर्तीवर आवरण घातले गेले, आणि पेटर फिशरने घडविलेल्या धातूच्या छत्राखाली संत झेबाल्डचे अवशेष एका ल्यूथरपंथी चर्चमध्ये तसेच राहिले. टूखर घराण्याने चौदाव्या शतकात झेबाल्डच्या चर्चमध्ये लावलेला नंदादीपही धर्मांतरानंतर विझविला गेला नाही. ल्यूथरचा या बाबतीतील संयम हे याचे एक कारण आहे खरे. पण मूर्तीवर घाव घालणे म्हणजे सभेत बसलेल्या माणसाच्या आजोबांच्या ढालीवर घाव घालणे होते, हे दुसरे कारण त्याहून वजनदार मानावे लागते. मूर्तीची पूजा संपली तरी तिच्यावरील कुलचिन्हाचे काम संपले नव्हते.

घरातल्या वस्तूंचे दैव निराळे निघाले. ड्यूररचा जिवलग मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर १५३० साली पुत्राविना वारला. त्याचा ग्रंथसंग्रह मुलीकडून इमहोफ घराण्यात गेला. नातू विलिबाल्ड इमहोफ याने त्यात ड्यूररच्या कृतींची मोठी भर घातली. तो १५८० साली वारल्यानंतर आठ वर्षांत वारसांनी सम्राट दुसरा रुडॉल्फ यास उत्तमोत्तम चित्रे विकली. तीस वर्षांच्या युद्धात, १६३६ साली, ग्रंथालय इंग्लंडच्या आरंडेलच्या अर्लने विकत घेतले. विक्री करणारा हान्स हिएरोनिमुस इमहोफ आपल्या खाजगी वहीत एका चित्राबद्दल लिहून ठेवतो की त्याखाली ड्यूररची मुद्रा आपल्या वडिलांनी रंगवून घेतली होती. रुक्सनरच्या पुस्तकाशी ही नोंद ताडून पाहण्याजोगी आहे. चर्चमध्ये जे ठेवले ते उरले, घरात जे ठेवले ते गेले, असा ढोबळ नियम यावरून बांधता येतो. मात्र नगरसभेच्या ताब्यातील वस्तूंस तो लागू पडत नाही. ड्यूररने नगरास अर्पण केलेली चार प्रेषितांची चित्रे १६२७ साली सभेने बव्हेरियाच्या माक्सिमिलियनच्या हवाली केली. त्यांखालचा मजकूर कॅथलिक राजास खुपेल म्हणून तेवढ्या पट्ट्या कापून ठेवून घेतल्या. तुकडे पुनः जोडले गेले ते १९२२ साली.

१६९७ साली सम्राट लेओपोल्ड याने या घराण्यांचे कुलीनत्व मान्य केले. त्या वेळी व्यापार बहुतेकांनी सोडला होता आणि नगर कर्जात बुडत चालले होते. १८०६ साली न्यूरेंबर्ग बव्हेरियात विलीन झाले. नगरभवनातील फिशरच्या कारखान्याची पितळी जाळी त्याच वर्षी मोडीच्या भावाने विकण्यात आली. १८१७ साली श्टोसची मूर्ती साखळी तुटून खाली पडली व तिचे तुकडे झाले. ते पुढे जोडण्यात आले. १८५२ साली जर्मन राष्ट्रीय संग्रहालय स्थापन करून या नगराच्या वारशाच्या जतनास ज्याने चालना दिली, तो हान्स फॉन आउफसेस हा फ्रांकोनियाच्या गढीवाल्या उमरावांपैकी होता, हा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

विसाव्या शतकात या वारशाचा दावा दुसऱ्याच पक्षाने हाती घेतला. १९३३ ते १९३८ या काळातील नाझी पक्षाच्या मेळाव्यांसाठी जुन्या नगराची पार्श्वभूमी वापरली गेली. १९३८ साली राजचिन्हे व्हिएन्नाहून आणविण्यात आली आणि १९४६ साली परत गेली. २ जानेवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात जुने नगर जवळजवळ नष्ट झाले. मूर्ती, काचा व बेहाईमचा पृथ्वीगोल किल्ल्याखालच्या खडकातील तळघरांत सुरक्षित होते. क्राफ्टचा मनोरा जागीच भिंतीने वेढला होता. त्याचे वरचे टोक तेवढे भंगले. आज जे जुने नगर दिसते त्यातील बराचसा भाग त्यानंतर पुनः बांधलेला आहे.

या घराण्यांच्या सचित्र कुलग्रंथांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या टूखरांच्या कुलग्रंथाइतका देखणा ग्रंथ विरळा. त्याच नगरात नावांचे दुसरेही एक पुस्तक होते. १२९६ साली प्रार्थनामंदिराच्या अर्पणसमयी न्यूरेंबर्गच्या ज्यूंनी एक स्मरणग्रंथ आरंभिला. त्यात मारल्या गेलेल्यांची नावे लिहून ठेवली जात आणि प्रार्थनेच्या वेळी ती वाचली जात. १३४९ ची यादीही त्यात आहे. झीगमुंड झाल्फेल्ड यांनी १८९८ साली बर्लिन येथे तो संपादून प्रसिद्ध केला. श्ट्रोमरचे पुस्तक आणि हा स्मरणग्रंथ एकाच चौकाविषयी बोलतात, पण ते शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत नगराच्या इतिहासलेखनात फार उशिरा आली. ज्यूंच्या दफनभूमीतील दगडही हत्याकांडानंतर बांधकामास वापरले गेले. त्यांतील काही लोरेन्ट्सच्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या गोल जिन्याच्या पायऱ्या म्हणून बसविलेले सापडले असून, त्यांवरील हिब्रू अक्षरे अद्याप वाचता येतात.